हाड भरलं, पण पाय तयार झालाय का?

फोंड्याहून एका आईने विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी एकवीस वर्षांची. मुंबईत बॅले शिकली आणि गेली दोन वर्षं पूर्व युरोपातल्या एका छोट्या कंपनीत नाचते. डाव्या पावलाचं दुखणं घेऊन मेअखेरीस घरी आली. एमआरआयमध्ये पावलातल्या दुसऱ्या मेटाटार्सल नावाच्या हाडाच्या बुंध्याशी स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, निघाला. सहा आठवडे वॉकर बूट, म्हणजे पाऊल हलू न देणारा बूट, घातला आणि डॉक्टर म्हणाले, हाड भरलं. मग तिने घरच्या हॉलमध्ये सराव सुरू केला, तर दहाव्या दिवशी पुन्हा तिथेच दुखायला लागलं. सप्टेंबरात तिला कंपनीत रुजू व्हायचंय. व्यावसायिक नर्तक या दुखापतीतून सहा आठवड्यांत परततात असं तिच्या वाचनात आलंय. मग हिचं कुठे चुकलं? बॅलेच इतका घातक आहे का? सोडायला सांगू का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोडायला सांगू नका. निदान या एका हाडापायी तरी नको. पण आजपासून सराव मात्र बंद. भरलेल्या जागी पुन्हा दुखणं ही ‘सवयीची दुखदुख’ नसते. ज्या डॉक्टरांनी बूट दिला त्यांना पाऊल परत दाखवा. ते साध्या एक्स-रेवर थांबले तर एमआरआयचं विचारा, कारण या जागेचा ताजा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. मी तिचा पाय पाहिलेला नाही. त्यामुळे पुढचं सगळं आजवर हाताखालून गेलेल्या पावलांवरून सांगतेय, हे लक्षात ठेवून वाचा.

मी पंचवीस वर्षं फिजिओथेरपी करतेय. त्यातली सहा वर्षं परदेशात नर्तकांच्या दवाखान्यात गेली. पणजीला परतल्यापासून माझ्याकडे गर्दी असते ती फुटबॉलवाल्यांची. त्यांच्या खालोखाल कथक-भरतनाट्यमच्या मुली, हंगाम संपला की गुडघे धरून येणारे पेडण्याकडचे दशावतारी आणि मोरजी-हरमलला येऊन राहिलेले काही परदेशी नाचणारे. यात एक फरक मला पहिल्यापासून दिसत आलाय. फुटबॉलवाला थोडं दुखलं तरी लंगडत येतो. बॅले नाचणारी मुलगी तडा गेलेल्या पायावर सरळ पाठीने, हसत उभी राहते. तिला लहानपणापासून शिकवलेलंच ते असतं.

बॅले घातक आहे का? आकडे ऐकायला भयंकर वाटतात. ब्रिटनमधल्या एका व्यावसायिक कंपनीचा वर्षभराचा हिशोब २०१२ साली प्रसिद्ध झाला: ५२ नर्तक आणि ३५५ दुखापती. म्हणजे माणशी वर्षाला जवळजवळ सात. पण त्याच अभ्यासात तासांचाही हिशोब आहे, आणि तो दर १००० तासांना ४.४ दुखापती इतका येतो. हा दर काही फार मोठा नाही, मोठे आहेत ते तास. सकाळी दीड तासाचा क्लास, मग दिवसभर तालमी, संध्याकाळी प्रयोग, आणि असे आठवड्याचे सहा दिवस. शिवाय त्यातल्या बहुतेक दुखापती सरासरी आठवडाभरात मागे पडणाऱ्या होत्या. सुमारे दोन तृतीयांश दुखापती पडण्या-मुरगळण्याच्या नव्हत्याच, त्या अतिवापराच्या होत्या. तुमच्या मुलीची याच जातीतली आहे. मला यातला सर्वात महत्त्वाचा भाग पुढचा वाटतो. त्या कंपनीने प्रत्येकाची तपासणी करून ज्याच्या त्याच्या कमजोरीप्रमाणे व्यायाम दिले, तेव्हा पुढच्या दोन वर्षांत दुखापतींचा दर निम्म्याच्या खाली आला. नाच तोच, शरीरंही तीच, फक्त तयारी बदलली होती.

आता हे दुसरं मेटाटार्सल. पावलाच्या मधोमध बोटांकडे जाणारी पाच लांब हाडं असतात, त्यातलं अंगठ्याशेजारचं. त्याचा बुंधा मागच्या हाडांच्या खाचेत असा रुतून बसलेला असतो, की शेजारची हाडं थोडी हलतात, वाकतात, पण हे जागचं हलत नाही. चालताना या घट्टपणाचा फायदाच होतो. पण मुलगी पॉइंटवर, म्हणजे बोटांच्या टोकावर चढली की नडगी, घोटा आणि पाऊल एका रेषेत येतं, आणि सगळं वजन ज्या हाडांतून खाली उतरतं त्यात हे सर्वात ताठ. जे वाकत नाही त्याच्यावरच वाकवणारा ताण पडतो.

शिवाय हा तडा एका दिवसात पडत नाही. हाड सतत स्वतःची दुरुस्ती करत असतं. जिथे ताण जास्त तिथलं जुनं हाड आधी खणून काढतं आणि मग नवीन भरतं. खणायला काही आठवडे पुरतात, भरायला महिने लागतात. पणजीच्या माणसाला हे समजवायला नकोच. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता खणून ठेवलाय, भराव अजून पडलेला नाही आणि वाहतूक मात्र चालूच. हाडाचं तेच होतं. वाहतूक कमी केली तर खड्डा आपसूक भरतो. उलट प्रयोगांचा हंगाम आला म्हणून ती दुप्पट केली, तर रस्ता खचतो. त्या अहवालातलं ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणजे हा खचलेला रस्ता.

डॉक्टर ‘हाड भरलं’ म्हणाले ते बहुधा खरंच होतं. पण हाड भरणं वेगळं आणि नाचायला तयार होणं वेगळं, आणि इथेच घोडं पेंड खातं. सहा आठवडे बुटात राहिलेल्या पायाची पोटरी शेजारच्या पायाशी ताडून पाहा, डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झालेली असते. तळव्यातले छोटे स्नायू झोपी गेलेले असतात. नवीन भरलेलं हाडही कच्चं असतं. त्यावर हळूहळू, मोजून वजन पडत गेलं तरच ते पक्कं होतं. मग बूट काढल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉलमधल्या सोफ्याची पाठ धरून तिने तिचा नेहमीचा अख्खा क्लास केला असेल, तर दहा दिवस निभावलं याचंच मला नवल वाटतं.

सहा आठवड्यांचा आकडा तिने उगाच काढलेला नाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये नेमक्या याच जागेच्या फ्रॅक्चरचा अभ्यास मांडला होता, ५१ नर्तक आणि ६४ फ्रॅक्चर. त्यात रंगमंचावर परतायला सरासरी सहा आठवड्यांच्या आसपास लागले होते. पण एक तर सरासरी म्हणजे बरेच जण त्याहून उशिरा परतले. दुसरं म्हणजे तशा शहरातल्या व्यावसायिकाला बूट असतानाच तलावातला व्यायाम, पिलाटेस आणि वरच्या अंगाची ताकद सुरू होते, रोज कुणीतरी पाय बघतं, आणि ज्या दिवशी बूट निघतो त्या दिवशी बाकीचं शरीर उपाशी राहिलेलं नसतं. तुमची मुलगी सहा आठवडे काय करत होती? तिखट वाटेल, पण पलंगावर पाय वर करून मोबाइल बघत होती असंच उत्तर बहुतेक आया मला देतात. आणि तिला तरी दुसरं काय करायचं ते कोणी सांगितलं होतं?

माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे मी हे वरून बोलत नाही हे कळेल. काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. तडा याच जागी. आठव्या आठवड्यात मी अंगठ्याने त्या बुंध्यावर दाबत होते आणि डोळे तिच्या चेहऱ्यावर ठेवून होते, कारण या मुलींच्या तोंडून ‘दुखतं’ येत नाही, पण पापणी लवते. नाही लवली. एका पायावर वीस उड्या मारायला लावल्या, काही दुखलं नाही. मी खूश, तीही खूश. पॉइंटला परवानगी दिली. पोटरीची परीक्षा मी घेतली होती आणि वहीत लिहिलंही होतं: चांगल्या पायावर २६ वेळा टाच उचलली, दुखऱ्यावर ११. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो सोडून दिला, कारण तिचा प्रयोग जवळ आला होता. तीन प्रयोग झाले. भरलेलं हाड टिकलं. पण दुसऱ्याच, चांगल्या पायाच्या घोट्यामागे अंगठ्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सुजली. जिला नर्तकांचे डॉक्टर पावलाची अकिलीस (अकिलीस म्हणजे टाचेमागची जाड कंडरा) म्हणतात ती. दुबळा पाय उचलत नव्हता ते वजन ती नकळत दुसऱ्या पायावर टाकत होती. त्या कंडरेने तिचे आणखी चार महिने खाल्ले. तेव्हापासून वहीतला आकडा पुरा झाल्याशिवाय मी ‘हो’ म्हणत नाही, मग तिकिटं खपलेली असोत की नसोत.

ही टाच उचलण्याची परीक्षा तुम्ही घरी बघू शकता, पण दुखणं पूर्ण थांबून डॉक्टरांनी वजन टाकायची मोकळीक दिल्यावरच. एका पायावर उभं राहायचं, गुडघा सरळ, भिंतीला दोन बोटं टेकवायची ती फक्त तोल सांभाळायला. टाच पूर्ण वर, पूर्ण खाली, साधारण दोन सेकंदांत एक फेरी. उंची कमी झाली, गुडघा वाकला किंवा अंगठ्याऐवजी करंगळीकडे वजन गेलं की मोजणं बंद. माझ्याकडे नर्तकीला प्रत्येक पायावर २५ लागतात आणि दोन पायांत दोन-तीनहून जास्त फरक चालत नाही. सुरुवातीला दुखऱ्या पायावर आठ झाल्या तरी घाबरू नका. रोज करायच्या नाहीत, एक दिवसाआड करायच्या. महिना-दीड महिन्यात आकडा चढतो.

मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन बॅलेचं नाव नर्तकांच्या फिजिओंमध्ये याच साध्यासुध्या ताकदीच्या कामासाठी घेतलं जातं. डेव्हिड हॉलबर्ग हा मॉस्कोच्या बोल्शोय बॅलेचा पहिला अमेरिकन प्रमुख नर्तक. २०१४ मध्ये त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली, ती म्हणावी तशी सुधारेना, आणि शेवटी तो मेलबर्नला त्या चमूकडे गेला. तिथे वर्षाहून अधिक काळ त्याची ताकद मुळापासून बांधली गेली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये तो सिडनीत रंगमंचावर परतला. पुढे २०२१ मध्ये त्याच कंपनीचा कलादिग्दर्शक झाला. लंडनच्या रॉयल बॅलेचा स्टीव्हन मॅक्रे याची अकिलीस कंडरा ऑक्टोबर २०१९ मध्ये भर प्रयोगात तुटली आणि तो ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमुख भूमिकेत परतला. मिस्टी कोपलंडच्या नडगीला अनेक तडे गेले, २०१२ मध्ये तिथे पट्टी बसवावी लागली, आणि २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तकी झाली. मुलीला ही नावं तोंडपाठ असतील. या तिघांना किती वेळ लागला ते तिला तारखा घालून विचारा.

परतण्याची शिडी कशी असते ते सांगते, पायऱ्या मात्र तुमच्या फिजिओने ठरवायच्या. क्लासची सुरुवात बारने होते, म्हणजे आडव्या दांड्याला धरून करायच्या हालचालींनी. आधी त्याच हालचाली जमिनीवर झोपून-बसून, वजन न टाकता. मग उभं राहून सपाट पावलांनी, प्लिए (गुडघे वाकवणं) आणि तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणं). मग दोन्ही पायांनी डेमी-पॉइंट, म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर, मग एका पायाने. त्यानंतर छोट्या उड्या, आधी दोन पायांवर, काही दिवसांनी एका पायावर. पॉइंट शूज यानंतर, तेही बार दोन्ही हातांनी धरून दहा मिनिटं. हॉलच्या मध्यभागी पॉइंट त्याच्याही पुढे. मोठ्या उड्या सर्वात शेवटी. पायरी चढल्यावर निदान दोन-तीन दिवस तिथेच थांबायचं आणि एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. वेळ वाढवला तर उड्या वाढवायच्या नाहीत.

दुखण्याचा नियम इथे नीट समजून घ्या, कारण इंटरनेटवर दोन नियमांची खिचडी झालेली असते. कंडरेच्या दुखण्यात दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं आणि सकाळपर्यंत निवळलं तर काम चालू ठेवता येतं. कंडरेला ते थोडं सोसावंच लागतं. हाडाचं तसं नाही. तडा गेलेल्या हाडाला दुखणं शून्यच हवं. सरावात शून्य, रात्री शून्य, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाकताना शून्य. एक दुखलं तरी एक पायरी खाली. आणि कृपा करून क्लासच्या आधी वेदनाशामक गोळी नको. तो नर्तकांचा जुना धंदा आहे, आणि या नियमात तर ती गोळी मोजपट्टीच मोडून टाकते. शिवाय त्यातल्या काही गोळ्या हाड भरण्याच्या आड येतात अशी शंका आहे, म्हणून फ्रॅक्चर असताना मी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ देत नाही. तेल लावून मालीश करणाऱ्या गावच्या जाणकाराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या घरी कुणीतरी सुचवलंच असेल. पोटरीला मालीश चालेल. तड्याच्या जागी हात लावू देऊ नका.

आता फरशी. फोंड्याच्या घरातला हॉल म्हणजे काँक्रीटवर चिकटवलेल्या टाइल्स. बॅलेची जमीन आतून पोकळ असते. लाकडी पट्ट्यांची जाळी, त्यावर प्लाय आणि वर न घसरणारा व्हिनाइलचा थर. उडी मारून उतरताना धक्का थोडा ती जमीन घेते. टाइल काहीच घेत नाही, सगळा पावलाकडे परत पाठवते. जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांत माडीवर लाकडी फळ्यांची जमीन असते. ओळखीच्या कोणाकडे तशी धड अवस्थेतली खोली असेल तर तिथे बार करायला हरकत नाही. नसेल तर सपाट पावलांचं काम घरी करा आणि उड्या नाट्यगृहाच्या लाकडी रंगमंचावर किंवा नीट जमीन घातलेल्या नृत्यवर्गात, जिथे तास भाड्याने मिळेल तिथे. तिला हेही विचारा, की तिकडचा रंगमंच उतरता होता का? युरोपातली जुनी नाट्यगृहं प्रेक्षकांच्या दिशेने उतरती बांधलेली असतात. पॅरिसच्या पाले गार्निएचा रंगमंच सुमारे पाच टक्के उतरता आहे. सपाट हॉलमध्ये तालीम आणि उतारावर प्रयोग झाला की वजन पुढे, बोटांकडे सरकतं. माझ्या मते तिच्या तड्यामागे हे एक कारण असू शकतं.

शूजबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते आपल्या पावसाशी जोडलेलं आहे. पारंपरिक पॉइंट शूजचं पुढचं टोक आत लाकूड असल्यासारखं लागतं, पण ते असतं कापड, कागद आणि खळीच्या थरांचं. घाम आणि दमट हवा लागली की ते विरघळत जातं. मोठ्या कंपन्यांतल्या आघाडीच्या नर्तकी एका प्रयोगात एक जोडी संपवतात, कधी जास्तच. गोव्यात जुलैत मी एका मुलीच्या पिशवीतून काढलेला शूज दाबून पाहिला, तर टोक चहात बुडवलेल्या कांकण पावासारखं लिबलिबीत. ती त्यावर उभी राहत होती. टोक आणि तळाची पट्टी मऊ झाली की आधार जातो, पाऊल पुढे कोसळतं, आणि ताण जातो नेमका त्या दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुंध्याकडे. महागाचा जोड म्हणून मुली तो पुरवून पुरवून वापरतात. सरावानंतर शूज पिशवीत कोंबू नका, पंख्याखाली उघडे टांगून ठेवा, एक दिवस आड दुसरा जोड वापरा. टोक अंगठ्याने दबायला लागलं की तो जोड आठवण म्हणून भिंतीवर. इलास्टोमरच्या, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकच्या, टोकाचे शूज पावसाने मऊ पडत नाहीत, पण ते प्रत्येक पायाला मानवतात असं नाही. आणि दुखापतीतून उठताना शूजचा प्रकार बदलू नये असं माझं मत आहे.

एक गोष्ट मी तिच्या उभं राहण्यात बघेन. बॅलेत पाय खुब्यातून बाहेर वळवतात, त्याला टर्नआउट म्हणतात. खुबा जितका वळतो त्याहून जास्त दाखवायचं तर उरलेलं गुडघ्यातून आणि पावलातून ओढून काढावं लागतं. तसं केलं की तळव्याची कमान आतल्या बाजूला ढासळते. पाचव्या पोझिशनमध्ये, म्हणजे एका पावलापुढे दुसरं आडवं चिकटवून उभी असताना, तिचा आतला घोटा जमिनीकडे झुकतोय का, हे तुम्हालाही समोर बसून दिसेल.

आता ज्या विषयावर बहुतेक घरांत बोलणं होत नाही तो. तिला पाळी नियमित येते का? आणि ती जेवते किती? हे मी चांभारचौकश्या म्हणून विचारत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत चार व्यावसायिक कंपन्यांतल्या ७५ नर्तकींचा अभ्यास झाला होता. त्यातल्या ६१ टक्क्यांना कधी ना कधी फ्रॅक्चर झालं होतं, आणि ज्यांची पाळी उशिरा सुरू झाली किंवा मध्येच बंद पडली त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. शरीराला जितकं काम तितकं अन्न मिळालं नाही तर ते काटकसर करतं, आणि पाळी व हाडं हे त्याचे पहिले बंद केलेले खर्च. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ पासून या अवस्थेला वेगळं नाव देऊन खेळाडूंच्या डॉक्टरांना सावध केलंय. ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर दर महिन्याला दिसणारा रक्तस्राव हा पुरावा धरू नका, तो गोळीमुळे येतो. तिने हे तुमच्याशी बोलावं असा आग्रह धरू नका, डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या. तीन महिन्यांहून जास्त पाळी चुकली असेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, दोन्ही हवं. ते फिजिओचं काम नाही.

जेवणाबद्दल एवढंच, की दुखापतीत ‘आता नाचत नाही, तर कमी खाते’ म्हणणं म्हणजे बांधकाम चालू असताना सिमेंट बंद करणं. शीत (भात) आणि हुमण (माशाची आमटी) टाळून सॅलडवर राहू देऊ नका. उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं तिझान (खीर), डाळ, अंडी, दही हे सगळं चालेल. तारल्यांसारखे बारीक काट्याचे मासे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियम मिळतं, आणि बांगड्या-तारल्यात ड जीवनसत्त्वही असतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मासा महाग असतो हे खरं, पण आता ती उठेलच. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्या. गोव्यात एवढं ऊन, मग कमी कसं असेल, असं सगळे म्हणतात. पण नर्तकी दिवसभर हॉलमध्ये असते, आणि ही तर युरोपातल्या दोन हिवाळ्यांतून आलीय. २०१४ मधल्या एका ब्रिटिश प्रयोगात व्यावसायिक बॅले नर्तकांना हिवाळ्याचे चार महिने रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा त्यांची ताकद आणि उडी वाढली आणि दुखापती कमी झाल्या. प्रयोग लहान होता, म्हणून मी त्याला रामबाण म्हणत नाही. रक्ताचा अहवाल बघूनच डॉक्टर डोस ठरवतील.

राहिला सप्टेंबर. माझा अंदाज स्पष्ट सांगते: नवीन तपासणीत हाड शांत निघालं तरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती पूर्ण क्लास आणि पॉइंटसकट तालमी करेल असं मला वाटत नाही. तडा पुन्हा उघडला असेल तर प्रश्नच मिटला, पुन्हा आठवडे मोजायचे. पण ‘सप्टेंबर नाही म्हणजे नोकरी गेली’ असंही नसतं. तपासणीचा अहवाल हातात आल्यावर लगेच तिने कंपनीला लिहावं. ‘मी येतेय, पहिले दोन आठवडे फक्त बार, पुढचे दोन हॉलच्या मध्यभागी पण पॉइंटशिवाय, मग तालमी, प्रयोग त्यानंतर’ असं आठवड्यांसकट लिहावं आणि फिजिओचं पत्र जोडावं. त्यांच्याकडे स्वतःचा फिजिओ आहे का, नसेल तर आठवड्याला किती वेळा बाहेरच्याकडे जायला वेळ देतील, हे विचारावं. छोट्या कंपन्यांत बहुधा नसतो, आणि तो नसणं हीच तिची खरी जोखीम आहे. दुखणं अंगावर काढून गप्प रुजू झाली तर तिकडे नाताळचा हंगाम आहे, बॅलेवाल्यांची चवथच ती. तेव्हा दिवसाला दोन-दोन प्रयोग असतात आणि कोणाला कोणाचा पाय बघायला वेळ नसतो. कंपनीने अशा पत्रावर करार मोडला तर मला वाईट वाटेल, पण त्या कंपनीने डिसेंबरात तिचा पाय मोडू दिला असता असंही मी म्हणेन.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पावलाच्या वरच्या बाजूला सूज किंवा जांघेत नवीन दुखणं यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, ऑर्थोपेडिकची ओपीडी आहे, तिथे एमआरआयची फिल्म बरोबर न्या, नुसता कागद नको.

माझ्याकडे यायचं ठरलं तर मुलीला सरावाचे कपडे आणायला सांगा, आणि शेवटच्या दोन महिन्यांच्या तालमींचं वेळापत्रक, मोबाइलमध्ये असेल तसं. शूज सगळे आणा, नवे-जुने, फाटके, ज्यात दुखणं सुरू झालं ते तर नक्कीच. उन्हात वाळवू नका, पुसू नका, आहेत तसे आणा. तळ कुठे मोडलाय आणि टोक कुठल्या बाजूला झिजलंय, ते मला बघायचंय.